सल्ला हवा: मुसोलिनीचं परराष्ट्र धोरण आणि इटलीची पत – ५० मिनिटांत काय सांगू, काय गाळू?

चिंचपेटी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वसंत व्याख्यानमालेतल्या एका वक्त्यांनी ऐनवेळी नकार कळवला आणि तिसरं पुष्प गुंफायचं काम माझ्या गळ्यात आलं. (शाळेत इतिहास शिकवते, एवढाच माझा गुन्हा.) विषय बदलायची सोय नाही, पत्रिका छापून वाटून झाली आहे: "मुसोलिनीचे परराष्ट्र धोरण आणि इटलीची जगातील पत". वेळ ५० मिनिटं. त्यातली पाच परिचय, शाल आणि नारळात जाणार. श्रोते बहुतेक निवृत्त, कॉलेजची दहा-बारा मुलं, आणि पहिल्या रांगेत दरवर्षी वक्त्याची विकेट काढणारे एक आजोबा.

मी टाचण काढलं. १९२२ मध्ये सत्ता, १९२३ कॉर्फू, १९२४ फ्यूमे, १९२५ लोकार्नो, असं करत करत १९४५ पर्यंत. घरी तालीम केली. लोकार्नोपर्यंत पोचले तेव्हा नवरा घोरत होता.

तर सल्ला द्या. सुरुवात कुठून करू? निर्दयपणे कापायचं काय? "पत" ही चीज भाषणात दाखवायची कशी, म्हणजे नुसतं "प्रतिष्ठा वाढली, प्रतिष्ठा घसरली" असं न म्हणता? आणि भारताशी किंवा आपल्याकडच्या माणसांशी धागा जोडावा, की ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल? प्रोजेक्टर आहे. वीज असली तर.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पहिल्या रांगेतले आजोबा इथलेच सदस्य निघणार, लिहून ठेवा.

बखरवाला

चिंचपेटीताई, पहिला सल्ला: ती सनावळी फाडून टाका. लोक तारखा ऐकायला येत नाहीत, माणूस कुठे घसरला ते बघायला येतात.

सुरुवात २५ जुलै १९३४ ला करा. ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर डॉलफुस याला व्हिएन्नात, त्याच्याच कचेरीत नाझींनी गोळ्या घातल्या. त्या वेळी त्याची बायकामुलं कुठे होती? इटलीत, रिच्चोनेच्या समुद्रकाठी, मुसोलिनीच्या पाहुणचारात. नवरा गेल्याचं त्या बाईला मुसोलिनीनं स्वतः सांगितलं. आणि मग त्यानं इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे फौजा धाडल्या. हिटलर मुकाट मागे सरला, व्हिएन्नातल्या त्या बंडाशी आपला संबंध नाही म्हणून हात झटकले. त्या घडीला युरोपात हिटलरला दम देणारा एकच माणूस होता, आणि तो लंडनचा नव्हता, पॅरिसचाही नव्हता.

आता लगेच स्लाइड बदला. मार्च १९३८. तीच ब्रेनर खिंड. जर्मन फौज ऑस्ट्रिया गिळून तिथवर येते आणि मुसोलिनी बोटही उचलत नाही. उलट हिटलरच त्याला कळवतो की हे उपकार मी कधी विसरणार नाही.

जागा तीच, माणूस तोच, मध्ये पावणेचार वर्षं. या पावणेचार वर्षांत काय झालं, हेच तुमचं व्याख्यान. बाकी सगळं चटणी-कोशिंबीर.

आधीची बारा वर्षं दोन वाक्यांत आटपता येतील. त्याच्या परराष्ट्र खात्यात, दीनो ग्रांदीच्या काळात, "निर्णायक वजन" असा एक शब्दप्रयोग चालायचा. म्हणजे इटली एकटी मोठी सत्ता नाही, पण तराजूच्या ज्या पारड्यात बसेल ते पारडं खाली जाईल. आपल्या भाषेत, तळ्यात-मळ्यात. हा खेळ तो बरा खेळायचा. १९२५ च्या लोकार्नो करारात फ्रान्स-जर्मनी सीमेचा हमीदार कोण, तर ब्रिटन आणि इटली. म्हणजे १९१५ मध्ये भाव ठरवून युद्धात उतरलेला आणि व्हर्सायला रुसून उठून गेलेला देश दहा वर्षांत पंच झाला. (लोकार्नोला हा गृहस्थ मोटरबोटीतून नाट्यमय एंट्री घेत आला. तरी बऱ्याच पत्रकारांनी त्याच्या पत्रकार परिषदेवर बहिष्कार टाकला. ही गंमत मुलांना आवडेल.)

एप्रिल १९३५ ची स्त्रेसा परिषद मात्र गाळू नका. ब्रिटन, फ्रान्स, इटली एकत्र आले ते जर्मनीला आवर घालायला. योगायोग बघा: लोकार्नो आणि स्त्रेसा दोन्ही एकाच सरोवराच्या काठी, लागो माज्जोरेच्या. अंतर दहा वर्षांचं. स्त्रेसाच्या जाहीरनाम्यात शांततेला धोका कुठला, तर "युरोपच्या" शांततेला, असे शब्द आले. आफ्रिकेबद्दल अवाक्षर नाही. इंग्रज गप्प बसले, आणि मुसोलिनीनं ते मौन म्हणजे होकार असं धरलं. दोनच महिन्यांत, १८ जूनला, इंग्रजांनी या दोघांना न विचारता जर्मनीशी आरमारी करार केला. म्हणजे आघाडी मोडायला एकट्या मुसोलिनीला जबाबदार धरू नका, नाहीतर आजोबा तिथेच पकडतील.

पण मोडलेली आघाडी पुरून टाकली ती त्यानंच. ३ ऑक्टोबर १९३५, अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे इथिओपियावर स्वारी. १८९६ ला अडुव्याच्या लढाईत इथिओपियाकडून इटलीची नाचक्की झाली होती, तिचा सूड. राष्ट्रसंघानं इटलीला आक्रमक ठरवलं, पन्नासेक देशांनी निर्बंध लादले. या निर्बंधांत तेल नव्हतं. सुएझ कालवाही उघडाच. इटालियन जहाजं रीतसर टोल भरून सैनिक नेत होती. म्हणजे चोराला बाजारबंदी केली, पण दाराची किल्ली आणि दिव्याचं तेल दोन्ही चालू ठेवलं. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं, चार दिवसांनी साम्राज्याची घोषणा.

इथेच तो तळ्यात-मळ्यातून बाहेर फेकला गेला. निर्बंधांच्या दिवसांत कोळसा कुणी पुरवला, तर जर्मनीनं, कारण ती आधीच राष्ट्रसंघाबाहेर पडलेली. मग स्पेन. फ्रँकोच्या मदतीला सत्तरेक हजार इटालियन माणसं गेली, ग्वादालाहाराला मार्च १९३७ मध्ये मार खाल्ला, तोही अंशतः फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या इटालियन स्वयंसेवकांकडूनच. १ नोव्हेंबर १९३६ च्या मिलानच्या भाषणात रोम-बर्लिन "अक्ष" हा शब्द आला. डिसेंबर १९३७ ला राष्ट्रसंघही सोडला. वजन एका पारड्याला खिळ्यानं ठोकल्यावर त्याला निर्णायक कोण म्हणणार? ब्रेनरवर तो गप्प का बसला, त्याचं उत्तर हे.

वाटाड्या

वाचनखूण साठवली. बखरवाले, तुम्हीच का नाही जात व्याख्यानाला?

बखरवाला

मला कुणी नारळ देत नाही.

जुना खातेदार

विषयात "पत" हा शब्द आहे म्हणून बोलतो. अडतीस वर्षं सहकारी बँकेत कर्जखातं सांभाळलं, त्यामुळे मला हे प्रकरण कर्जप्रकरणासारखंच दिसतं.

पत दोन प्रकारची. एक तारणावरची, दुसरी रुबाबावरची. मुसोलिनीची सुरुवातीची पत अगदी शब्दशः पैशातली होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये अमेरिकेशी युद्धकर्जाची तडजोड झाली आणि लगोलग मॉर्गन बँकेनं १० कोटी डॉलरचं कर्ज उभं करून दिलं. न्यूयॉर्कच्या सावकारांना वाटलं, माणूस कडक आहे, संप मोडतो, हप्ते भरेल. रुबाबावर कर्ज मंजूर. आमच्याकडेही असे लोक यायचे, पांढरी विजार, गाडी बाहेर उभी.

आता तारण बघा. कोळसा जवळपास सगळा बाहेरून. तेल बाहेरून. पोलाद जर्मनीच्या दशांशाच्या आसपास. (लिबिया त्यांच्याच ताब्यात होता. वाळूखाली तेलाचे साठे होते, सापडले १९५९ ला, सगळं हातचं गेल्यावर.)

२२ मे १९३९ ला हिटलरबरोबर "पोलादी करार" केला. एकानं युद्ध काढलं की दुसऱ्यानं उतरायचंच, कारण विचारायचं नाही. बिनशर्त जामीन! कोऱ्या कागदावर सही. तीन महिन्यांत वसुली आली. ऑगस्टअखेर हिटलर पोलंडवर निघाला, तेव्हा यानं मागण्यांची यादी धाडली: कोळसा ६० लाख टन, तेल ७० लाख टन, पोलाद २० लाख टन, शिवाय मोलिब्डेनम वगैरे. एवढं दिलंत तर उतरतो. देता येऊच नये म्हणून केलेली यादी. त्याचा जावई आणि परराष्ट्रमंत्री चिआनो यानं डायरीत लिहून ठेवलंय की ही यादी बैलाला वाचता आली असती तर बैलही मेला असता.

ताई, ही यादी पडद्यावर दाखवा. पत कशी मोजायची विचारता ना? जामीनदारानं वसुलीच्या दिवशी काय उत्तर दिलं, त्यावरून मोजायची. बर्लिनला त्या दिवशी कळलं की या खात्यात शिल्लक नाही.

पो नदीकाठी

खातेदारकाका, यादीबद्दल +१. फक्त एक दुरुस्ती, इथे बारा वर्षं राहून कान तयार झालाय म्हणून: "चिआनो" नाही, "चानो". त्यातला "इ" फक्त "च" करण्यापुरता असतो.

जुना खातेदार

बरं. चानो. बैल तोच.

आडवा प्रश्न

वर सगळे लिहितायत की १९३४ पर्यंत पत चढती होती आणि नंतर उतरली. कुणाच्या नजरेत?

कॉर्फू विसरू नका. ऑगस्ट १९२३ मध्ये ग्रीस-अल्बानिया सीमेची आखणी करणारा इटालियन जनरल तेल्लिनी मारला गेला. मारेकरी कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुसोलिनीनं ग्रीसकडे ५ कोटी लिरांची भरपाई मागितली आणि ३१ ऑगस्टला कॉर्फू बेटावर तोफा डागल्या. जुन्या किल्ल्यात कोण होतं? निर्वासित. तेच मेले. ग्रीस राष्ट्रसंघाकडे गेला, पण बड्यांनी प्रकरण राजदूतांच्या परिषदेकडे वळवलं आणि शेवटी ५ कोटी लिरा इटलीलाच दिले. सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं आणि धडा मिळाला: दांडगाई केली तर पैसे मिळतात. १९३५ हे १९२३ चंच मोठं पोस्टर आहे. लंडन-पॅरिसच्या क्लबात "पत" होती, पण लहान देशांच्या लेखी हा पहिल्यापासून गावगुंड होता. तुम्ही मोजमाप क्लबाच्या दारावर उभं राहून करताय.

आणि इथिओपिया म्हणजे "वजन", "पारडं" एवढंच नाही. विषारी वायू वापरला, विमानातून. अशा वायूंवर बंदी घालणाऱ्या १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलवर इटलीची सही होती. हे ५० मिनिटांत दोन मिनिटंही आलं नाही, तर आपण पतीबद्दल बोलतोय की मुसोलिनीच्या करिअरबद्दल?

बखरवाला

आडवे, वायूचा मुद्दा मान्य, माझ्याकडून सुटला. कॉर्फूबद्दल अर्धं मान्य. त्याची पत भीतीची होती, पण भीतीचीही पतच असते, आणि तीही त्यानं घालवली हे सांगायचं होतं. १९४० मध्ये ग्रीससुद्धा त्याला घाबरला नाही, याचं वजन कॉर्फूशिवाय कळणार नाही. म्हणजे कॉर्फू ठेवावंच लागेल. फ्यूमे, म्हणजे १९२४ ला इटलीला मिळालेलं बंदर, ते कापा मग.

आडवा प्रश्न

फ्यूमे खुशाल कापा.

आणि ३० जून १९३६ घ्या. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभा राहिला, तेव्हा प्रेक्षागॅलरीतल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना बाहेर काढावं लागलं. रुमानियाचा तितुलेस्कू ओरडला की या रानटी लोकांना बाहेर काढा. "आम्ही संस्कृती न्यायला गेलो" म्हणणाऱ्या देशाच्या माणसांना जगासमोर रानटी म्हटलं गेलं. पडद्यावर दाखवायला याहून चांगलं काय मिळणार? दोन आठवड्यांत निर्बंध उठले, तेही सांगा. म्हणजे क्लबाचीही लाज निघेल.

कापूसकोंड्या

भारताचा धागा जोडावाच. ओढूनताणून नाही, त्याच्यात पत मोजायची पट्टीच आहे: रोमला कोण गेलं आणि कोण नाही गेलं.

१९२५ मध्ये मुसोलिनीनं फोर्मिकी आणि तुच्ची हे संस्कृतचे पंडित पुस्तकांच्या पेट्या देऊन शांतिनिकेतनात पाठवले. १९२६ ला टागोर इटलीत गेले, सरकारी पाहुणचार झाला. बाहेर पडल्यावर खरं काय ते कळलं तेव्हा इंग्लिश वर्तमानपत्रात पत्र लिहून त्यांनी फॅसिझमपासून अंग काढून घेतलं. मार्च १९३१ ला हिंदू महासभेचे डॉ. मुंजे मुसोलिनीला भेटले. डिसेंबर १९३१ ला गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी भेटले. सुभाषबाबूही भेटले. आता यात कोण कशासाठी गेलं, हे सगळं वेगवेगळं. पण इंग्रजांच्या गुलामीतला देश एका इंग्रज नसलेल्या दरबाराकडे कुतूहलानं बघत होता, ही त्या काळच्या इटलीची पत.

मग मार्च १९३६. कमलाबाई नुकत्याच वारलेल्या, नेहरू युरोपातून परतताना रोममध्ये उतरणार. मुसोलिनीला भेटायचंय म्हणून निरोपावर निरोप. नेहरूंनी भेटायचं नाकारलं, कारण त्या भेटीचा फोटो अ‍ॅबिसिनियाच्या युद्धात प्रचाराला वापरला जाईल. मे महिन्यात काँग्रेसनं अ‍ॅबिसिनिया दिन पाळला. ज्या दारात पाच वर्षांपूर्वी लोक जात होते, त्या दारातून आता निरोप बाहेर यायला लागले.

सडेतोड

मुंज्यांचं नाव मुद्दाम घेतलंत का? नाशिकच्या भोसला लष्करी शाळेचा विषय काढायचा असेल तर सरळ काढा, मग आम्हालाही बरंच

संपादक मंडळ

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, पुढच्या सात उपप्रतिसादांसकट बाकीचा उडवला. मुंज्यांची भेट आणि १९३७ ची शाळा यावर या संस्थळावर चार धागे आहेत, तिथे जा. इथे इटलीचं परराष्ट्र धोरण. गृहपाठ करणाऱ्या माणसाला मदत करू या.

तिरकस

पॉपकॉर्न वाया गेले.

माणगावकर

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सगळे साथी पडल्यावर एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, बंदुकीच्या गोळ्या संपल्यावर दस्त्यानं लढले, आणि मोर्चा घेतल्यावर लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या लागून गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नामदेव जाधव यांनाही तो मिळाला, तेही मराठा रेजिमेंटचेच, ते जिवंत परत आले.

माझा मुद्दा एवढाच की कोकणातला पोरगा टायबरकाठी कशाला गेला होता, याचं उत्तर या व्याख्यानात आहे. समोर जर्मन होते, जमीन इटलीची. तोवर त्यांच्या देशात लढणारे सगळे बाहेरचेच झाले होते.

पो नदीकाठी

माणगावकर, छान लिहिलंत. त्यात भर: २०२३ च्या जुलैत उंब्रियामधल्या मोन्तोने गावात घाडग्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं गेलं. "सगळे एकाच सूर्याखाली" अशा अर्थाचं लॅटिन वचन आहे त्याच्यावर. याचा फोटो नक्की लावा.

चिंचपेटी, तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे तर माझा सल्ला: दोन खांब दाखवा. भाषण त्यांच्यावर उभं करता येईल.

पहिला खांब शिकागोत. १९३३ मध्ये मुसोलिनीचा हवाई मंत्री इतालो बाल्बो दोन डझन सागरी विमानांचा ताफा घेऊन अटलांटिक ओलांडून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला. अमेरिकेत जल्लोष झाला. मुसोलिनीनं शिकागोला ओस्तियाहून आणलेला प्राचीन रोमन खांब भेट दिला. तो अजून तिथे आहे, आणि बाल्बोच्या नावाचा रस्ताही. पत म्हणजे काय, तर परक्या शहरानं स्वतःहून तुमच्या माणसाचं नाव रस्त्याला देणं.

दुसरा खांब अक्सुमचा. इथिओपियातला प्राचीन दगडी स्तंभ, २४ मीटर उंच, दीडशे टनांहून जड. १९३७ मध्ये लुटून रोमला आणला आणि वसाहत खात्याच्या नियोजित कचेरीसमोर उभा केला. युद्धानंतर १९४७ च्या तहात इटलीनं कबूल केलं की इथिओपियातून नेलेली लूट १८ महिन्यांत परत देऊ. परत कधी गेला? २००५ ला. अक्सुममध्ये पुन्हा उभा राहिला २००८ ला. आणि मधल्या काळात वसाहत खात्याच्या त्या इमारतीत संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना आली होती! जगाची भूक भागवायला जमलेले प्रतिनिधी रोज खिडकीतून ती चोरी बघायचे.

आडवा प्रश्न यांनी वायूचं काढलं म्हणून सांगतो, वायू वापरल्याची अधिकृत कबुली इटलीच्या संरक्षण मंत्र्यांनी दिली ती १९९६ मध्ये. "आपले लोक भले होते, दुष्ट ते जर्मन" ही समजूत इथे जेवणाच्या टेबलावर अजून ऐकू येते. मी एकदा अक्सुमचा विषय काढला होता. पुढचा अर्धा तास सगळे फक्त चीजबद्दल बोलले.

चिंचपेटी

बापरे, एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. नवं टाचण असं होतंय: ब्रेनर १९३४, मग मागे जाऊन कॉर्फू, पुढे स्त्रेसा, अ‍ॅबिसिनिया (वायू आणि जिनिव्हातल्या शिट्ट्यांसकट), रोमच्या दारातले भारतीय, ब्रेनर १९३८, यादी, आणि मग शेवट. शेवट अडलाय. १९४० ते ४३ म्हणजे पराभवांची जंत्री होते आणि पुन्हा घोरणं सुरू होईल.

बखरवाला

पराभव मोजू नका. दोन तारखा घ्या.

१० जून १९४०. फ्रान्स कोसळत असताना मुसोलिनी युद्धात उतरला. रूझवेल्टनं त्याच दिवशी भाषणात म्हटलं की खंजीर धरलेल्या हातानं तो शेजाऱ्याच्या पाठीत खुपसला. आणि गंमत, म्हणजे गंमत नाहीच: युद्ध पुकारलं तेव्हा इटलीच्या व्यापारी जहाजांपैकी सुमारे एक तृतीयांश परक्या बंदरांत उभी होती. ती तिथेच गेली. आपल्याच जहाजांना कळवलं नाही!

२८ ऑक्टोबर १९४०. हिटलर आगगाडीनं फ्लोरेन्सला येतो, आणि मुसोलिनी स्टेशनवर त्याला छाती फुगवून सांगतो की पहाटे आपण ग्रीसवर चाल केली. थोड्याच आठवड्यांत ग्रीकांनी त्याला अल्बानियात मागे रेटलं. शेवटी जर्मन उतरले तेव्हा सुटका. ग्रीस अजून ती तारीख "नाही" दिन म्हणून साजरा करतो. कॉर्फूचा हिशोब तिथे चुकता झाला. त्यानंतर बर्लिनमध्ये इटलीला मित्र म्हणत असतील, पण वागवायचे आश्रितासारखं.

केरेनच्या लढाईला एक ओळ द्या. मार्च १९४१, एरिट्रिया, हिंदी डिव्हिजन, त्यांत मराठा पलटणीही. इटालियन सैनिक तिथे चिवटपणे लढले, हेही सांगा. "इटालियन पळपुटे" हा इंग्रजांचा विनोद आपण उचलायचं कारण नाही. ५ मे १९४१ ला हैले सेलासी अदिस अबाबात परतला, बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला.

जुना खातेदार

आणि खातं बंद झाल्याचा दाखला जोडा. १० फेब्रुवारी १९४७, पॅरिसचा तह. वसाहती गेल्या, इस्त्रिया गेला, फ्यूमे गेलं (ताई, कापलेलं फ्यूमे इथे एका शब्दात परत येईल), दोदेकानीज बेटं ग्रीसला. भरपाई एकूण ३६ कोटी डॉलर: युगोस्लाव्हिया १२.५ कोटी, ग्रीस १०.५, रशिया १०, इथिओपिया २.५, अल्बानिया अर्धा कोटी. ५ कोटी लिरा उकळले होते त्या ग्रीसला आता द्यायचे. व्याज जरा जास्तच बसलं.

मांडवीकाठ

गोंयच्यान नमस्कार. शेवटासाठी माझ्याकडे एक तारीख आहे: १४ डिसेंबर १९५५.

राष्ट्रसंघाच्या कौन्सिलात इटलीची खुर्ची कायमची होती, ब्रिटन, फ्रान्स, जपानबरोबर. संयुक्त राष्ट्रांत मात्र तिला दहा वर्षं दाराबाहेर थांबावं लागलं. इथिओपिया १९४५ पासूनच संस्थापक सदस्य. इटलीला प्रवेश मिळाला त्या दिवशी एकूण सोळा देश आत आले, आणि त्यांत होते लिबिया आणि अल्बानिया. म्हणजे जे कालपर्यंत हिच्या नकाशात होते, ते हिच्याच रांगेत.

त्याच रांगेत सालाझारचं पोर्तुगालही होतं, आणि आठवड्याभरात, २२ डिसेंबरला, त्यानं दादरा-नगर हवेलीवरून भारताला हेगच्या न्यायालयात खेचलं. पण ते आमचं दुखणं. सालाझारला फॅसिस्ट म्हणावं की नाही यावर इथे आधीच रणं माजलीत, म्हणून गप्प बसतो.

संपादक मंडळ

धन्यवाद, मांडवीकाठ.

चिंचपेटी

वृत्तान्त देते, द्यायलाच हवा.

वीज होती. लोक सव्वाशेच्या आसपास. ब्रेनरच्या दोन स्लाइड चालल्या, बैलाला हशा मिळाला, अक्सुमच्या खांबाला शांतता. १८ डिसेंबर १९३५ चा प्रसंग मी स्वतः शोधून घातला: निर्बंधांच्या काळात इटालियन बायकांनी लग्नाच्या अंगठ्या सरकारला दिल्या, राणीनं पहिली. इटालियनमध्ये "फेदे" म्हणजे अंगठी आणि "फेदे" म्हणजेच श्रद्धा, निष्ठा. पुढच्या चार-पाच बायकांचा हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला, मी बघितलं. वायूबद्दल दोन नाही, पाच मिनिटं बोलले, आडवा प्रश्न यांना सांगायचंय.

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी प्रश्न विचारलाच. "बाई, १९३४ ला तो ब्रेनरवर उभा राहिला तेव्हा इंग्लंड-फ्रान्स त्याच्यामागे उभे होते का? नसतील, तर तो पुढच्या वेळी कशाला उभा राहील?" मी स्त्रेसा आणि आरमारी करार सांगितला. म्हणाले, "अर्धं उत्तर झालं," आणि बसले. उरलेल्या अर्ध्याचा विचार करतेय, बखरवाल्यांनी मदत करावी.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई स्टेजपाशी आल्या. त्यांचे चुलत सासरे केरेनला होते. घरी करड्या रंगाचं एक जाडजूड ब्लँकेट आहे, त्याला सगळे "इटालियन" म्हणतात, पापड वाळवायच्या चादरीखाली अंथरतात. ते कुणाचं होतं, कसं आलं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. उद्या फोटो पाठवणार आहेत. कोपऱ्यात काही अक्षरं शिवलेली आहेत म्हणाल्या. पो नदीकाठी, वाचून द्याल का?

पो नदीकाठी

पाठवा. फोटो उजेडात काढायला सांगा.